केहिंदेच्या वाटणीचा फोटो

शाळेमागच्या काजूच्या झाडाखाली केहिंदेनं तिसरं बोंड चावलं, आणि रस हनुवटीवरून ओघळून थेट नव्या पांढऱ्या शर्टावर उतरला. खिशापासून निघाला तो चौथ्या गुंडीपर्यंत गेला. काजूच्या बोंडाचा डाग कसा असतो हे ज्यांच्या परसात काजू आहे त्यांना सांगायला नको. आधी तो पाण्यासारखा दिसतो, मग चहासारखा, आणि मग शर्टाचं पायपुसणं झालं तरी तो जात नाही.

"मेलास," ताइवो म्हणाला.

"वाळेल," केहिंदे म्हणाला.

"वाळेल आणि आणखी काळा होईल. आई काय म्हणाली होती?"

आई काय म्हणाली होती ते दोघांनाही पाठ होतं. आपल्या हातानं शिवलेले दोन शर्ट तिनं पहाटेच दोघांना घातले होते, दारात उभं करून पुढून-मागून न्याहाळलं होतं, आणि मिरच्यांच्या पाट्या डोक्यावर घेऊन ओशोग्बोच्या बाजाराला निघताना बजावलं होतं, "आज शाळेत फोटो आहे. शर्टाला डाग लागला तर घरी येऊ नका. दुसरी आई शोधा."

तिचंही चुकत नव्हतं. मुलांचा बाप ओयेवाले कडुनाला रेल्वेच्या यार्डात डबे जोडायच्या कामावर होता. त्यांच्या इकिरुन गावापासून कडुना म्हणजे गाडीत एक आख्खा दिवस आणि वर आणखी थोडं. दोन वर्षं त्याला रजा मिळाली नव्हती. गेल्या पत्रात त्यानं एवढंच मागितलं होतं, की पोरांचा फोटो पाठव, दोघं आता कशी दिसतात ते मला डोळ्यांपुढं आणता येत नाही. म्हणून आईनं फोटोवाल्या अकांबीशी आधीच ठरवून ठेवलं होतं. सकाळी शाळेत फोटो काढायचा, दुपारी तो छापायचा आणि संध्याकाळच्या उत्तरेच्या गाडीच्या गार्डाकडे द्यायचा. या फोटोसाठीच केहिंदेला मामाच्या गावाहून परत आणलं होतं. महिन्यापूर्वी त्याला गोवर निघाला, तो ताइवोला लागू नये म्हणून आईनं त्याला तिकडे नेऊन ठेवलं होतं. तो काल दिवेलागणीला आला, जेवला आणि झोपला. गल्लीत अजून कुणी त्याला पाहिलंही नव्हतं.

"युक्ती आहे," केहिंदे म्हणाला. "आधी तू जा. फोटो काढून ये. मग तुझा शर्ट मी घालतो आणि मी जातो."

"दर वेळी आधी मीच का?"

"कारण तू धाकटा."

ताइवो आधी जन्मला, म्हणून तो धाकटा. इकिरुनमध्ये जुळ्यांचा हा हिशेब सगळ्यांना मान्य आहे. थोरला आत आरामात बसतो आणि धाकट्याला पुढं पाठवतो, जा, जग कसं आहे बघून ये. केहिंदे थोरला होता, आणि आपलं थोरलेपण तो दिवसातून दहा वेळा वापरत असे.

"आणि शपथ घे. मी इथं आहे हे कुणाला सांगायचं नाही. मुख्याध्यापिका बाईंनी हा डाग पाहिला तर आईच्या आधी त्याच मला सोलतील."

ताइवोनं शपथ घेतली. त्याचा एकच दोष होता. त्याला खोटं बोलता येत नसे. बोलायची वेळ आली की त्याचे ओठ थरथरायचे आणि तो रडायचा.

पटांगणात अकांबीनं भिंतीला फुलाफुलांचा पडदा लावला होता. पुढं एकट्या मुलांसाठी एक स्टूल आणि जुळ्यांसाठी एक बाक. अकांबी स्वभावानं हळवा माणूस. लग्नाचे फोटो काढतानाही नवरीच्या आधी त्याच्या डोळ्यांना पाणी यायचं. यादीत त्यानं दोन नावं वाचली, ताइवो आणि केहिंदे, आणि बाकाकडे हात केला. बाकावर येऊन बसला एकच मुलगा.

अकांबीनं त्याच्या मागं पाहिलं. कुणी नव्हतं.

"एकटाच आलास, बाळा?"

ताइवोचे ओठ थरथरले. त्यानं मान खाली घातली, आणि टपटप दोन थेंब गुडघ्यावर पडले.

अकांबीनं पुढं काही विचारलं नाही. विचारायचं नसतंच. जुळ्यांपैकी एक गेला असं इकिरुनमध्ये कुणी तोंडानं म्हणत नाही. पाहायचं आणि समजायचं. अकांबीला आठवलं की यातल्या एकाला गोवर निघाल्याचं कानावर होतं, त्याला मामाकडे नेल्याचंही. आता यादीत दोन नावं आणि बाकावर एक पोरगा. आणि परवा यांची आई फोटोचं सांगायला आली, तेव्हा बिचारीनं त्याबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. केवढी धीराची बाई! त्यानं चष्मा पुसला, ताइवोला बाकाच्या डाव्या टोकाला सरकवलं आणि फोटो काढला. मग त्याला उजव्या टोकाला बसवलं आणि दुसरा काढला.

"आता हा कुणाचा?" ताइवोनं विचारलं.

"त्याचाच, बाळा," अकांबी म्हणाला, आणि त्याला कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडातच तोंड लपवावं लागलं.

ताइवो झाडाखाली परतला तो गोंधळून. "त्यांनी मला दोनदा बसवलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. दुसरा तुझा म्हणाले."

केहिंदेनं उडीच मारली. "म्हणजे माझापण झाला? मी न जाता?"

"मला काय माहीत? ते रडत होते."

"रडू दे. तू आणि मी दिसायला सारखेच. आईलासुद्धा कळणार नाही. चल घरी, आई यायच्या आत डाग काढू."

डाग काढू म्हणजे अर्थातच ताइवोनं काढायचा. राख आणि लिंबू घेऊन तो ओढ्यावर गेला. आपला शर्ट मळू नये म्हणून त्यानं तो घडी करून पेटीवर ठेवला होता. केहिंदे उघडाच दारात बसून, काम किती सोपं झालं याचा विचार करत होता.

दुपारी अकांबीची बायको आली. डोक्यावर पातेलं, पातेल्यात पामतेलात शिजवलेली चवळी. जुळ्यांच्या घरी जाताना चवळीशिवाय कुणी जात नाही, त्यामुळं केहिंदेला त्यात वावगं काही वाटलं नाही.

"ताइवो, बाळा, खा," ती म्हणाली.

मी केहिंदे, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं. पण केहिंदे म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, तुझा शर्ट कुठाय? आणि समोर चवळी वाफाळत होती. त्यानं उघडलेलं तोंड चवळीसाठी वापरलं.

थोड्या वेळानं दुसरी बाई आली. तिच्याकडेही चवळी. मग दोघी आल्या. मग कापड रंगवणारी म्हातारी इया अलारो आली, जिच्या निळ्या हातांना गल्लीतली सगळी पोरं भीत. इया म्हणजे आई, पण तिला कुणी मायेनं इया म्हणत नसे, जपून म्हणत. तिनं आजवर केहिंदेला शिव्यांखेरीज काही दिलं नव्हतं. आज तिनंही चवळी दिली आणि केसांवरून हात फिरवला. तिच्या मागून आणखी दोघी आल्या.

चौथ्या थाळीला केहिंदेचा घास मंदावला. बायका ओसरीवर ओळीनं बसल्या होत्या आणि हळू आवाजात बोलत होत्या.

"तो दुसरा किती गुणी," एक म्हणाली.

"हो ना. वाटेत भेटला की वाकून नमस्कार करायचा."

केहिंदे चावायचा थांबला. त्यानं आयुष्यात कुणाला आपणहून वाकून नमस्कार केला नव्हता. ते ताइवो करायचा. आपलं कुणी कौतुक करत आहे म्हणजे आपल्याला नक्कीच काहीतरी भयंकर झालं असणार, हे त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

"मी त्याला फार बोलले," इया अलारो म्हणाली. तिचा आवाज चक्क ओला झाला होता. "माझा निळीचा रांजण फुटला, तर मी त्याच्याच नावानं गल्ली डोक्यावर घेतली. आता वाटतं, त्या लेकरानं नसेलच फोडला. माझ्याच बोकडानं फोडला असणार."

"बोकडानंच," बाकीच्या म्हणाल्या.

"त्याला सांग हो, ताइवो, मला क्षमा कर म्हणावं."

रांजण केहिंदेनंच फोडला होता. दगडानं. बेडकाला मारायला गेला आणि रांजणाला लागला. तोंडातली चवळी आता खाली जाईना आणि वरही येईना. कान असे तापले की त्याला वाटलं, बाहेरून लाल दिसत असतील.

"आणि फोटोची काळजी करू नकोस," म्हातारी पुढं म्हणाली. "अकांबीचा हात चांगला आहे. माझ्या घरात भिंतीवर दोन मुलींचा फोटो आहे ना? त्यात मुलगी एकच आहे, बाळा. माझ्या जुळ्यांतली धाकटी एकटी उरली, तेव्हा अकांबीच्या बापानं तिलाच दोनदा बसवलं आणि एका कागदावर जोडून दिलं. असं केलं म्हणजे मागं राहिलेलं एकटं पडत नाही. बघणाऱ्याला बघताक्षणी कळतं, आणि कुणाला काही विचारावं लागत नाही."

केहिंदेनं थाळी खाली ठेवली.

बघणाऱ्याला बघताक्षणी कळतं. आणि बघणारा होता त्याचा बाप. परवा कडुनाच्या यार्डात, काळ्या तेलानं माखलेल्या हातांनी तो पाकीट फोडणार. आत दोन ताइवो. गोवराची बातमी त्याला मागच्या पत्रात कळवलेलीच होती. त्याला कुणाला काही विचारावं लागणार नव्हतं.

"फोटो," केहिंदेचा आवाज चिरकला, "फोटो गेला का?"

"संध्याकाळच्या गाडीनं जाईल. माझे मालक छापतच बसलेत," अकांबीची बायको म्हणाली. "आज दुकानात दुसरं कामच घेतलं नाही त्यांनी."

केहिंदे उठून उभा राहिला. सात बायका त्याच्याकडे मायेनं बघत होत्या. आतापर्यंत त्यानं पुष्कळ मार खाल्ला होता, पण मायेनं बघणाऱ्या सात बायकांपुढं असं उभं राहणं त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. जमीन दुभंगायची त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग तो म्हणाला, "मी ताइवो नाही. मी केहिंदे."

इया अलारोनं हातातली पळी सावकाश खाली ठेवली आणि दोन्ही गुडघे टेकले.

"आला," ती पुटपुटली. "भावाच्या तोंडून बोलतोय."

बाकीच्या सहाही जणी गुडघ्यांवर आल्या. गेलेल्या जुळ्याला इकिरुनमध्ये देवासारखं मानतात.

"नाही हो! मी खरंच केहिंदे! मीच!"

"हो, महाराज, हो," म्हातारी घाईनं म्हणाली. "आपणच. आम्ही ओळखलं. आपल्याला काय हवं? चवळीत तेल कमी पडलं का?"

नऊ वर्षांच्या केहिंदेला त्या दिवशी पहिल्यांदा कुणी 'आपण' म्हटलं. दुसरी एखादी दुपार असती तर त्यानं त्याचा चांगला उपयोग करून घेतला असता. आता त्याला फक्त गाडी दिसत होती.

"मला अकांबीकडे जायचंय. गाडी यायच्या आत!"

वरात निघाली. पुढं उघडाबंब केहिंदे, मागं सात बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर आपापलं पातेलं. रस्त्यावरचे लोक बाजूला होऊन माना खाली घालत होते. सायकल दुरुस्त करणाऱ्यानं टोपी काढली. केहिंदेला पळायचं होतं, पण तो पळू लागला की बायकाही पळत, आणि पातेली खणखणत. म्हणून तो चालत होता, आणि जो तो आपल्याकडे पाहून हळहळतो आहे हे दिसत असताना चालणं किती कठीण असतं ते शिकत होता.

चौकात ओढ्याकडून ताइवो आला. डोक्यावर ओला शर्ट, तोंडात शीळ. केहिंदेला पाहताच त्यानं लांबूनच ओरडून सांगितलं, "केहिंदे! नाही गेला रे डाग! राख लावली, लिंबू चोळलं, दगडावर आपटला. आता भोकपण पडलंय!"

एक पातेलं खाली पडलं. मग दुसरं.

इया अलारो या पोराकडून त्या पोराकडे बघत होती. "हा कोण?"

"मी ताइवो," ताइवो म्हणाला आणि सवयीनं वाकून नमस्कार केला.

"आणि हा?"

"हा केहिंदे. कालच आला मामाकडून. गोवर बरा झाला त्याचा."

म्हातारी दोन पावलं पुढं आली. निळं बोट केहिंदेच्या नाकासमोर थांबलं.

"मग माझी चवळी कुणी खाल्ली?"

"मी."

"चार थाळ्या?"

"साडेतीन."

"आणि रांजण?"

इथं तो थांबू शकला असता. बोकडाचं नाव पक्कं झालेलंच होतं, आणि बोकड काही बोलणार नव्हता. पण संध्याकाळच्या गाडीनं बापाला जे पोचणार होतं त्याच्यापुढं रांजण फारच लहान होता.

"मीच फोडला. दगडानं."

बरोबर याच वेळी ओशोग्बोचा ट्रक चौकात थांबला, आणि रिकाम्या पाट्या घेऊन आई खाली उतरली. तिला दिसलं ते असं: सांडलेली चवळी, तिच्यात उभ्या सात बायका, एक उघडा मुलगा, एक ओला मुलगा, आणि ओल्या मुलाच्या हातात तिनं शिवलेला शर्ट, ज्याच्या भोकातून पलीकडचं दिसत होतं.

कुणी काय सांगितलं आणि आईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती दोघांना धरून तडक अकांबीच्या दुकानात गेली. फोटो दोरीवर वाळत होता. डावीकडे ताइवो, उजवीकडे ताइवो, दोघांचेही डोळे सुजलेले. आई तो पाहत उंबऱ्यावरच बसली.

"हा कडुनाला जाणार होता?"

"गार्डाला निरोपसुद्धा दिला होता," अकांबी म्हणाला. त्याची नजर जमिनीवरून वर येत नव्हती. "मला वाटलं... मी विचारायला हवं होतं."

पदरासारखा डोक्याचा फडका ओढून आईनं तोंडावर धरला, आणि तिचे खांदे हलू लागले. ती मारील म्हणून केहिंदे कधीचा गाल पुढं करून उभा होता. तिनं मारलं असतं तर त्याच्यावर उपकार झाले असते.

मग ती उठली. तो फोटो तिनं दोरीवरून ओढून त्याचे बारीक तुकडे केले आणि म्हणाली, "आत्ताच्या आत्ता दुसरा काढा. उजेड आहे तोवर."

"दोघांना बाकावर शेजारी बसवतो," अकांबी म्हणाला.

"या भोकाच्या शर्टात? दोन वर्षांनी बाप पोरांचं तोंड बघणार, आणि त्यातलं एक असं? चांगला शर्ट एकच उरलाय. ताइवो, धावत जा आणि घरून घेऊन ये. आधी तू बस, मग तोच याला घाला. नंतर दोन्ही जोडा."

अकांबीनं बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. त्या दिवशी कुणालाही कशालाही नाही म्हणण्याचं तोंड त्याच्यापाशी उरलं नव्हतं. ताइवो बसला डावीकडे. मग तोच शर्ट घालून केहिंदे बसला उजवीकडे. दोघांच्याही माना सारख्याच खाली, कारण दोघांनाही सारखंच शरमल्यासारखं झालं होतं. अकांबीनं छापला, जोडला, आणि सोबत आपल्या हातानं चिठ्ठी लिहिली. आईनं सांगितलेलं सगळं लिहून झाल्यावर त्यानं आपलं एक वाक्य ठळक अक्षरांत घातलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या: दोन्ही मुलं अगदी ठणठणीत आहेत.

गाडी सुटायला तीन मिनिटं असताना पाकीट गार्डाच्या हातात पडलं.

केहिंदेला शिक्षा मिळाली ती पातेल्यांची. सातही पातेली घासायची, एकेक करून घरोघर पोचवायची, आणि प्रत्येक उंबऱ्यावर उभं राहून सांगायचं, मी केहिंदे, मी जिवंत आहे, आणि मी तुम्हांला फसवून चवळी खाल्ली. पहिल्या घरी हे वाक्य बाहेर पडायला इतका वेळ लागला की त्या बाईला वाटलं, पोरगा उसनं काहीतरी मागायला आलाय. इया अलारोकडे तो सगळ्यात शेवटी गेला. तिनं वाक्य ऐकलं, पुन्हा म्हणायला लावलं, आणि मग निळे हात पोटावर धरून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. रांजणाच्या बदल्यात महिनाभर पाणी भरायचं ठरलं.

पाचव्या दिवशी दुपारी केहिंदे इया अलारोची घागर घेऊन आपल्या घरावरून जात होता, तर दारात एक माणूस उभा. कपडे प्रवासानं मळलेले, खांद्यावर भुईमुगाच्या शेंगांचं पोतं, डोळे लाल.

"ताइवो!" म्हणून त्या माणसानं पोतं टाकलं आणि त्याला छातीशी धरलं. घागर फुटली.

"बाबा, मी केहिंदे!"

बापाला आणखीच हुंदका फुटला. "हो, बाळा, हो. तोपण तुझ्यातच आहे."

"ताइवो!" केहिंदेनं जीव खाऊन हाक मारली. एकदा झालं तेवढं पुरे होतं. "ताइवो, आधी बाहेर ये! पळत ये!"

ताइवो आला. आईही आली. बापानं दोघांचे कान धरले, एका हातात एक, आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

"अहो, चिठ्ठीत लिहिलं होतं ना, सगळी खुशाल आहेत म्हणून?" आई म्हणाली.

"सगळ्याच चिठ्ठ्यांत तेच लिहितात! माझा बाप गेला तेव्हाची चिठ्ठी काय होती? सगळे खुशाल, जमल्यास येऊन जावे. तेच वाक्य!"

"पण खाली ठळक लिहिलं होतं, ठणठणीत म्हणून."

"ते वाचून तर माझी खात्रीच झाली," बाप म्हणाला. "खालच्या दोन रेघा पाहिल्या आणि मी तिथंच बसलो. आणि फोटो! एकच शर्ट, एकच मान, मधे जोड. मी काय इकिरुनचा नाही? मला काय कळत नाही?"

आईनं केहिंदेकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. केहिंदे घागरीचे तुकडे वेचत होता आणि वर बघत नव्हता.

चार दिवस बाप घरी राहिला. ते दिवस फार छान गेले. पण पाचव्या दिवशी सकाळी तो परसात एकटाच बसलेला केहिंदेला दिसला, पोत्यातल्या शेंगा हातात खेळवत.

"इकडे ये रे," बापानं हाक मारली. मग हातातली शेंग फोडून म्हणाला, "ही शेंगांची गोण यार्डातल्या लोकांनी दिली. सगळे दिवसभर माझ्याजवळ बसले होते. साहेबानं आपली खुर्ची दिली बसायला. आणि आमचा आचारी, गार्बा, त्याच्याशी तीन वर्षं बोलणं नव्हतं माझं. त्यानं माझे पाय धरले, रडला, म्हणाला, तुझ्या वाटणीचं मटण मीच खात होतो, मला माफ कर. मी केलं."

"मग?"

"मग काय? आता परत जाऊन त्यांना सांगायचं कसं, की दोघंही ठणठणीत आहेत?" बापानं आवाज खाली आणला. "तू त्या बायकांना कसं सांगितलंस?"

केहिंदेनं बापाकडे नीट पाहिलं. एवढा मोठा माणूस, डबे हातानं ओढून जोडणारा, आणि कान तांबडे झालेले. ते कसे तापतात हे त्याला ठाऊक होतं.

"आधी नाव सांगायचं," तो म्हणाला. "मग एका दमात बाकीचं. मधे थांबलं की अडकतं."

"आणि मग?"

"मग ते गप्प होतात. ते फार वाईट असतं. पण पळायचं नाही. ते हसेपर्यंत उभं राहायचं. हसले की संपलं."

"हसतातच?"

"सातही घरी हसले."

बापानं विचार केला. "मी एकट्यानं सांगितलं तर खरं नाही वाटणार. तुला नेतो बरोबर."

"एकाला नेऊन काय होणार?" आई आतून म्हणाली. "म्हणतील, उरलेला दाखवायला आणलाय. न्यायचे तर दोघांना न्या."

अशा रीतीनं दोन्ही मुलं पहिल्यांदा कडुनाला गेली. वाटेत बाप वाक्य घोकत होता आणि केहिंदे चुका काढत होता. "खाली बघून नाही, बाबा. समोर बघून."

कडुनाच्या फलाटावर यार्डातली माणसं उभीच होती. ओयेवाले उतरला, त्याच्या मागं एक मुलगा उतरला, आणि त्याच्या मागं तसाच दुसरा. पुढं येणारे थबकले. कुणीतरी डोळे चोळले. बापानं केहिंदेचा हात धरला.

"मी ओयेवाले," बापानं सुरू केलं. वीस वर्षं त्याला ओळखणारी माणसं आ वासून ऐकू लागली. "ही माझी मुलं. दोन्ही जिवंत आहेत. माझीच चूक झाली."

फलाटावर कुणी बोललं नाही. मागं इंजिन वाफ सोडत होतं. बाप समोर बघत होता. एक पाऊल मागं गेला, पण केहिंदेनं हात घट्ट धरून ठेवला होता.

मग गर्दीतून आचारी गार्बा पुढं आला. त्यानं ताइवोकडे पाहिलं, केहिंदेकडे पाहिलं, दोघांच्याही डोक्याला हात लावून पाहिला, आणि ओयेवालेकडे वळून म्हणाला, "म्हणजे त्या मटणाचं मी उगाचच सांगून बसलो?"

पहिल्यांदा साहेब हसले. मग सगळा फलाट हसला.

"संपलं, बाबा," केहिंदे हळूच म्हणाला, आणि त्यानं हात सोडला.